बी आणि आय एकदम दाबण्याआधी

सिल्लोडला घरी दोन दिवसांसाठी आले होते. लॅपटॉप हॉस्टेलवर राहिला होता आणि गाइड सरांचा निरोप होता की प्रबंधाच्या विषयाची मराठीत, साध्या भाषेत चार पानी ओळख लिहून आण. हाताने लिहिलेली पानं घेऊन बसस्टँडकडच्या एका झेरॉक्स सेंटरमध्ये गेले. दुकानात दोन कॉम्प्युटर. एकावर लग्नपत्रिका, दुसऱ्यावर माझी पानं. टाइप करणारा दादा हाताचा भलताच जलद. मथळे आले तसं त्याने विचारलं, "ताई, हेडिंगं जरा उठावदार करू का? बोल्ड-इटॅलिक मारतो, भारी दिसतात." मी म्हटलं, मारा.

त्याने ओळ निवडली, कंट्रोल-बी, कंट्रोल-आय. दोन सेकंदांचं काम. प्रिंट काढली, प्रिंटवरून झेरॉक्स काढल्या आणि त्यातली एक झेरॉक्स मी सरांना दिली. सरांनी पहिलाच मथळा वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "हे 'घन प्रभारवाहक' कोणते? सॉलिड चार्ज कॅरियर?"

मी लिहिलं होतं 'धन प्रभारवाहक'. म्हणजे अर्धवाहकातले होल, पॉझिटिव्ह चार्ज वाहून नेणारे. कागदावर मात्र 'ध' चा 'घ' झाला होता. आनंदीबाईंच्या नावावर खपवला जाणारा 'ध' चा 'मा' सगळ्यांना माहीत आहे. माझा 'ध' कोणी बदलला नव्हता, तो फक्त ठळक आणि तिरका झाला होता.

चूक दुकानदाराची नव्हती. विचारल्यावर हो म्हणणारी मीच. पण त्या दिवसापासून मी ही अक्षरांची छटा नीट बघायला लागले. इंग्रजीत तिला 'बोल्ड इटॅलिक' म्हणतात. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाला छोटे पाय असलेल्या फाँटमध्ये ती वापरली जाते आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांमध्ये ती 'टाइम्स न्यू रोमन बोल्ड इटॅलिक' या रूपात भेटते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हिच्याबद्दल दोन गोष्टी समजून घ्याव्यात, कारण ही छटा सजावट म्हणून वापरली तर निरुपयोगी आहे आणि चिन्ह म्हणून वापरली तर फार कामाची आहे.

दोन स्वभाव, एक अक्षर

आधी हे दोघं मुळात कुठले ते बघू. इटॅलिकचा जन्म व्हेनिसचा. आल्डस मॅनुटियस या मुद्रकाने १५०१ मध्ये व्हर्जिल या लॅटिन कवीचं पुस्तक सबंध तिरक्या अक्षरात छापलं. त्या अक्षरांचे ठसे फ्रान्सेस्को ग्रिफोने कापले होते. त्या काळी विद्वान लोक हाताने जे भरभर, वळणदार लिहायचे, त्या लिखाणाचं हे छापील रूप. म्हणजे इटॅलिक हे कशावर जोर देण्यासाठी निघालेलंच नव्हतं. अख्खं पुस्तक त्यात असायचं. साध्या उभ्या अक्षरांच्या ओळीत मधेच एखादा शब्द इटॅलिकमध्ये घालायची रीत नंतर रुळली.

ठळक अक्षर त्यामानाने अगदी अलीकडचं. ते एकोणिसाव्या शतकातलं, जाहिरातींच्या जमान्यातलं. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने १८४५ मध्ये 'क्लॅरेंडन' नावाचं ठळक वळण बाजारात आणलं. मजकुराच्या ओळीत बसेल आणि तरी उठून दिसेल असं ठळक अक्षर त्यानंतर कोशांत, वेळापत्रकांत, पाठ्यपुस्तकांत पसरलं.

आता या दोघांचा स्वभाव बघा. तिरकं अक्षर हाताच्या वेगातून आलेलं आहे. ते अरुंद असतं, पुढे झुकतं, डोळ्याला पुढे नेतं. ठळक अक्षर डोळ्याला थांबवतं. दोघांना एका अक्षरात घातलं की पळणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पोतं दिल्यासारखं होतं. चांगला अक्षरकार ते पोतं नीट बांधून देतो: रेघ जाड करताना अक्षराच्या आतली पोकळी बुजू देत नाही, अक्षर किंचित रुंद करतो, जिथे दोन रेघा मिळतात तिथे थोडं खोदून घेतो. हे सगळं हाताने, अक्षरागणिक करावं लागतं.

'टाइम्स न्यू रोमन' हे लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकासाठी तयार झालेलं वळण. कल्पना आणि देखरेख स्टॅन्ली मॉरिसनची, आरेखन व्हिक्टर लार्डेंटचं, निर्मिती मोनोटाइप कंपनीची. ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकापासून ते वापरात आलं. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात जास्त मजकूर मावावा, हा त्यामागचा एक हेतू. आपण तेच अक्षर ए-फोर कागदावर, दीडपट ओळ-अंतर सोडून वापरतो, ही गंमत वेगळी.

याच्या ठळक-तिरक्या छटेची एक परीक्षा घरी करून बघा. इंग्रजीतलं लहान 'ए' टाइप करा. साध्या छटेत ते दुमजली असतं, वर छोटी कमान, खाली पोट. इटॅलिकमध्ये तेच एकमजली होतं, आपण हाताने लिहितो तसं. लहान 'एफ' इटॅलिकमध्ये ओळीखाली शेपटी सोडतं. म्हणजे खरं इटॅलिक हे साध्या अक्षराला ढकलून तिरकं केलेलं नसतं, त्याची अक्षरं वेगळी काढलेली असतात. तिरकं केल्यावरही 'ए' दुमजलीच राहिलं तर एरियलसारख्या मुळातच नुसत्या झुकवलेल्या वळणात ते ठीक आहे. सेरिफ वळणात मात्र तसं दिसलं तर बहुधा कॉम्प्युटरने तुमच्या वतीने बनावट छटा तयार केली आहे. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जिथे ठळक-तिरकं हा अर्थ असतो

भौतिकशास्त्राच्या माणसाला ही छटा भेटते ती सूत्रात. आणि तिथे ती सजावट नसते, तिथे ती व्याकरण असते.

नियम असा. एककांची चिन्हं उभ्या अक्षरात. राशींची चिन्हं तिरक्या अक्षरात. म्हणून उभं लहान 'एम' म्हणजे मीटर, तिरकं लहान 'एम' म्हणजे वस्तुमान. आणि सदिश राशी, म्हणजे जिला परिमाणाबरोबर दिशा असते ती, ठळक आणि तिरक्या अक्षरात. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८००००-२ हेच सांगतं. रसायनशास्त्रज्ञांच्या आययूपॅक संघटनेचं 'ग्रीन बुक' हेच सांगतं.

एकच अक्षर घेऊन बघू, लहान 'के'. उभं असेल तर ते 'किलो', म्हणजे एक हजार. तिरकं असेल तर बोल्ट्झमनचा स्थिरांक. ठळक आणि तिरकं असेल तर तरंग-सदिश, ज्याच्याशिवाय घन-अवस्था भौतिकीचं एक पानही पुढे सरकत नाही. कॅपिटल 'बी' घ्या. उभं म्हणजे बोरॉन हे मूलद्रव्य. ठळक-तिरकं म्हणजे चुंबकीय क्षेत्र, दिशेसकट. नुसतं तिरकं म्हणजे त्याच क्षेत्राचं परिमाण, दिशा सोडून. तुम्ही बोरॉन मिसळलेल्या सिलिकॉनवर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम अभ्यासत असाल, तर हे तिन्ही 'बी' तुमच्या एकाच परिच्छेदात येणार. वाचणाऱ्याला त्यांतला फरक फक्त छटेवरून कळणार.

आता नेहमी होणारी चूक. विद्यार्थी सूत्र टाइप करतात, ते महत्त्वाचं वाटतं म्हणून सबंध सूत्र निवडतात आणि बी दाबतात. लॉरेंट्झ बलाचं सूत्र घ्या. त्यात बल, विद्युत क्षेत्र, वेग आणि चुंबकीय क्षेत्र हे चार सदिश आहेत आणि विद्युत प्रभार हा अदिश आहे. सगळं ठळक केलं की प्रभारसुद्धा सदिश झाला. म्हणजे तुम्ही कागदावर लिहून दिलंत की प्रभाराला दिशा असते. परीक्षकाने त्यावर बोट ठेवलं तर "सर, ते फक्त उठून दिसावं म्हणून केलं" हे उत्तर चालत नाही. सूत्रात 'फक्त उठून दिसावं म्हणून' असं काही नसतं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी सांगितलेला नियम दगडावरची रेघ समजाल. सगळी नियतकालिकं सदिश ठळक-तिरके छापत नाहीत. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या 'फिजिकल रिव्ह्यू' मध्ये सदिश ठळक पण उभे असतात. मानसशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांत चालणाऱ्या एपीए शैलीतही सदिश आणि मॅट्रिक्स ठळक-उभेच. तेव्हा कुठलं बरोबर हा प्रश्न नाही. तुमचं विद्यापीठ किंवा नियतकालिक काय सांगतं ते बघा, एक पद्धत निवडा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत तीच ठेवा. चिन्हसूचीच्या वर एका वाक्यात ती पद्धत लिहून टाका.

फळ्यावर आपण सदिशाच्या डोक्यावर बाण काढतो, कारण खडूने ठळक-तिरकं लिहिता येत नाही. छापखान्यात प्रूफ तपासण्याच्या जुन्या खुणा आहेत: अक्षराखाली सरळ रेघ म्हणजे 'हे तिरकं करा', नागमोडी रेघ म्हणजे 'हे ठळक करा'. दोन्ही रेघा असतील तर ठळक-तिरकं. टाइपरायटरवर केलेल्या जुन्या प्रबंधांत प्राण्या-वनस्पतींच्या शास्त्रीय नावांखाली रेघ दिसते ती त्याच रिवाजातली. ग्रंथालयातला एखादा जुना प्रबंध उघडलात तर ती रेघ 'महत्त्वाचं' म्हणून मारलेली नाही, हे ध्यानात घ्या.

सूत्रात या छटेचा एक तोटाही आहे. टाइम्सच्या तिरक्या छटेत इंग्रजी लहान 'व्ही' आणि ग्रीक 'न्यू' जवळजवळ सारखे दिसतात, आणि ठळक केल्यावर तर आणखीच. पहिलं वेगासाठी वापरतात, दुसरं वारंवारतेसाठी. तुमच्या प्रकरणात दोन्ही असतील तर वारंवारतेला लहान 'एफ' घ्या आणि मोकळे व्हा. त्यातलं कोणतं कोणतं हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखावं, ही अपेक्षा ठेवू नका.

जीवशास्त्रवाल्यांसाठी आणि मथळ्यांसाठी

भौतिकशास्त्र सोडून दोन ठिकाणी ही छटा खरोखर लागते.

पहिलं, मथळ्यातलं शास्त्रीय नाव. सजीवाच्या प्रजातीचं लॅटिन नाव इटॅलिकमध्ये लिहायचं, हे बीएस्सीपासून माहीत असतं. सिल्लोडच्या मिरचीवर कोणी काम करत असेल तर 'कॅप्सिकम ॲन्युअम' हे रोमन लिपीतलं नाव मजकुरात तिरकं येणार. पण प्रकरणाचा मथळा सगळाच ठळक असेल तर? मथळ्यातले बाकीचे शब्द ठळक-उभे आणि हे नाव ठळक-तिरकं. बरेच जण इथे सगळा मथळा ठळक-तिरका करून टाकतात. मग नाव मथळ्यात विरघळून जातं आणि इटॅलिकचा उपयोगच संपतो. याच्या उलट परिस्थितीही येते: मजकूरच तिरका असेल, समजा एखादं उपशीर्षक, तर शास्त्रीय नाव त्यात उभं करायचं. कारण वाचकाला कळतो तो फरक. तिरकेपणाला स्वतःचा असा अर्थ नाही, शेजारच्या शब्दापेक्षा वेगळं असणं हाच त्याचा अर्थ.

दुसरं, मथळ्यांची उतरंड. एपीएच्या सातव्या आवृत्तीत मथळ्यांच्या पाच पायऱ्या आहेत. त्यांतली तिसरी आणि पाचवी ठळक-तिरकी. तिसरी डावीकडे स्वतंत्र ओळीत, पाचवी परिच्छेदाच्या सुरुवातीला आत सरकवून. म्हणजे इंग्रजी प्रबंधात ठळक-तिरका मथळा 'मी वरच्या ठळक मथळ्याच्या पोटातला आहे' असं सांगत असतो. पहिल्याच पायरीला ठळक-तिरकं वापरलं तर पुढच्या पायऱ्यांसाठी हातात काही उरत नाही. लग्नपत्रिकेत वधूवरांच्या नावापासून 'आपले विनीत' पर्यंत सगळंच ठळक-तिरकं असतं आणि ते चालतं, कारण पत्रिकेत उतरंड नसते, सगळेच मानाचे असतात. प्रबंधात तसं नसतं.

परिच्छेदाच्या मधेच निष्कर्ष ठळक-तिरका करणाऱ्यांना एवढंच म्हणेन: परीक्षक निष्कर्ष शोधतोच. त्याला ओढून दाखवावा लागत असेल तर वाक्याची जागा चुकली आहे. ते वाक्य परिच्छेदाच्या सुरुवातीला आणा.

आणि आता मराठी

इथे माझ्या 'धन' चं काय झालं ते सांगते. त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर निवडलेल्या फाँटची एकच छटा होती, साधी. ठळक नव्हती, तिरकी नव्हती. पण बी आणि आय दाबल्यावर वर्ड "ही छटा माझ्याकडे नाही" असं म्हणत नाही. ते गुपचूप बनवून देतं. ठळक करण्यासाठी अक्षराच्या कडा सरसकट फुगवतं. तिरकं करण्यासाठी अक्षर जसंच्या तसं एका बाजूला ढकलतं.

रोमन लिपीत हे वाईट दिसतं. देवनागरीत ते अर्थाला धक्का लावतं. कारण आपल्याकडे काही अक्षरांमधला फरक एका फटीवर उभा आहे. 'घ' वर शिरोरेषा पूर्ण असते. 'ध' ला डावीकडे छोटी गाठ असते आणि तिच्यावर शिरोरेषा नसते. 'म' आणि 'भ' चंही तसंच. कडा फुगल्या की गाठ बुजते, फट मिटते. वर झेरॉक्सची शाई. मग 'धन' चं 'घन' होतं आणि 'भार' चा 'मार'. विज्ञानाच्या मराठीत हे चारही शब्द रोजचे किंवा रोजच्या शब्दांच्या जवळचे आहेत. कथेत 'घन' चुकून आला तर वाचक संदर्भाने सावरून घेतो. 'धन आयन' आणि 'घन पदार्थ' एकाच पानावर असताना संदर्भ मदतीला येत नाही.

तिरकेपणाचा त्रास वेगळा. ढकललेल्या अक्षरात शिरोरेषा आडवीच राहते आणि तिच्याखालचे काने झुकतात. शिरोरेषेच्या वरचं सगळं, म्हणजे मात्रा, रफार, अनुस्वार, उजवीकडे सरकतं आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसल्यासारखं दिसतं. वाचणारा अडखळतो, पण का अडखळला ते त्याला सांगता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग खरी छटा असलेला फाँट वापरा ना. आहेत तसे. 'कोकिला' हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने केलेला फाँट २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आला. त्याच्या चार स्वतंत्र फायली आहेत: साधा, ठळक, तिरका आणि ठळक-तिरका. 'अपराजिता' आणि 'उत्साह' यांच्याही तशाच चार. म्हणजे देवनागरीत ठळक-तिरकं अक्षर नीट आखलेलं मिळतं आणि अनेकांच्या कॉम्प्युटरमध्ये ते न वापरता पडून असतं. विंडोज १० मध्ये मात्र हे फाँट वैकल्पिक सोयींमधून वेगळे बसवावे लागतात. कोकिला वापरणार असाल तर एक सूचना: १२ पॉइंटला ती मंगलपेक्षा बरीच लहान दिसते, आकार वाढवून घ्या.

बाकीच्यांची स्थिती अशी. सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेल्या 'मंगल' ला तिरकी छटा नाही. विंडोजच्या 'निर्मला यूआय' ला खरी ठळक छटा आहे, तिरकी नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या 'मुक्ता' ला जाडीच्या सात छटा आहेत, तिरकी एकही नाही. गूगल फाँट्सवरच्या 'टिरो देवनागरी मराठी' ला साधी आणि तिरकी अशा दोनच छटा आहेत, ठळक नाही. म्हणजे मुक्तावर आय दाबलंत तर बनावट तिरकं, टिरोवर बी दाबलंत तर बनावट ठळक. लॅटेक वापरणाऱ्यांना इथे थोडा फायदा आहे. झीलॅटेकमध्ये छटा नसेल तर ते साधी छटा वापरतं आणि लॉग फाइलमध्ये तसा इशारा देतं. बनावट हवीच असेल तर वेगळी सेटिंग द्यावी लागते, आणि त्या सेटिंगच्या नावातच 'फेक' हा शब्द आहे. निदान प्रामाणिक आहे.

आपल्याला तिरकं हवंच आहे का?

मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कोकिलाचं ठळक-तिरकं अक्षर स्वच्छ आहे, फटी शाबूत आहेत, तरी मराठी प्रबंधात मी ते वापरणार नाही. कारण सांगते.

इटॅलिक हे युरोपातल्या धावत्या हस्ताक्षराचं छापील रूप आहे, हे वर आलंच. आपल्याकडे धावतं हस्ताक्षर नव्हतं का? होतं की. मोडी. बोरू कमीत कमी उचलत, आधी आखून घेतलेल्या शिरोरेषेखाली भरभर लिहायची लिपी. पेशवे दप्तर मोडीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खरेदीखतं, सातबाऱ्याचे जुने कागद मोडीत होते. सिल्लोड तालुक्यातही जमिनीच्या वादात आजोबा-पणजोबांचं मोडी खत कोणीतरी ट्रंकेतून काढतंच. बाळबोध आणि मोडी हे नातं पाहिलं तर ते रोमन आणि इटॅलिकच्या नात्यासारखंच आहे: एक सावकाश, सुटं, पोथीचं. दुसरं वेगवान, कामकाजाचं.

फरक पडला तो छापखान्यात. सेरामपूरला विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापलं आणि १८१० मध्ये मराठीचा कोश मोडी खिळ्यांत. दोन्ही लिपी छपाईत आल्या, पण एका ओळीत शेजारी शेजारी बसून एकमेकींना साथ द्यायची रीत काही पडली नाही. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी देवनागरीचं छापील रूप घडवलं आणि पक्कं केलं, मोडी हातालाच राहिली. २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. मोडी ही आपली इटॅलिक होऊ शकली असती असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की झुकवलेल्या बाळबोध अक्षरामागे कोणाचा हात नाही. ते कोणी कधी तसं लिहिलेलं नव्हतं.

आणि जोर द्यायला आपल्याकडे दुसरी साधनं आहेत. पोथ्यांमध्ये 'उवाच' आणि अध्यायाचा शेवट लाल शाईने लिहायचे, अक्षर तेच. भाषेत तर त्याहून सोपं साधन आहे. इंग्रजीत 'यू डिड इट' मधल्या 'यू' वर जोर द्यायला तो शब्द तिरका करावा लागतो. मराठीत 'तूच केलंस' म्हटलं की झालं. 'च', 'तर', 'सुद्धा', 'ही' हे शब्दाला चिकटून किंवा शेजारी बसून जोर देतात आणि झेरॉक्समध्ये बुजत नाहीत. इंग्रजी प्रबंधाचा साचा मराठीवर ठेवताना आपण हे विसरतो आणि आधीच 'च' असलेल्या शब्दाला वर तिरकंही करतो.

मराठी मथळ्यांची उतरंड आकड्यांनी दाखवा: ३, ३.१, ३.१.२. खरी ठळक छटा असलेला फाँट घ्या आणि तिरकं सोडून द्या. पुस्तकांची नावं एकेरी अवतरणात. शास्त्रीय नाव रोमन लिपीत द्यायचं असेल तर ते रोमन अक्षर तिरकं, त्याच्या आजूबाजूची मराठी उभी. सूत्रातले सदिश जसे इंग्रजीत तसेच मराठीत, ठळक-तिरके, कारण ते चिन्ह आहे आणि चिन्हाचं भाषांतर होत नाही.

छापायला देण्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. निवडलेल्या फाँटमध्ये, निवडलेल्या आकारात, 'धन घन भार मार अर्क वर्ग पुंज' एवढे शब्द सगळ्या छटांमध्ये टाइप करा. प्रिंट काढा. प्रिंटची झेरॉक्स, आणि झेरॉक्सची झेरॉक्स. ती तिसरी प्रत विषय माहीत नसलेल्या कोणाला तरी वाचायला द्या. तो जिथे अडखळेल ती छटा बाद. संशोधनासाठी विषय शोधणाऱ्यांना यात एक नीट मोजता येण्यासारखा प्रश्नही सापडेल: रेघ किती जाड झाली की 'ध' आणि 'घ' ओळखण्यात चुका वाढू लागतात? फार खर्च नाही. काही फाँट, एक प्रिंटर आणि वाचायला तयार असलेली माणसं.

मी पुढच्या खेपेला त्याच दुकानात गेले. दादाने ओळखलं. पानं लावता लावता विचारलं, "ताई, हेडिंगं?" म्हटलं, "नुसती ठळक करा, आणि आधी फाँट बदला." त्याने बदलला. शेजारच्या स्क्रीनवर दुसऱ्या कोणाची तरी पत्रिका होती, सगळी ठळक-तिरकी, सोनेरी. ती छानच दिसत होती. सरांना दिलेल्या पानावर या वेळी 'धन' होतं.